उष्णतेचे गणित मांडणारे जोसेफ फूरिये

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्याही वर जातो. वस्तूमधून ही उष्णता कशी सरकते, याचे गणित जोसेफ फूरिये यांनी मांडले. त्यांची माहिती मी लिहीत आहे.

फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्स देशात ओसेर या गावी झाला. वडील शिंपी होते. जोसेफ ९ वर्षांचा असताना आई वारली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. म्हणजे माझ्याएवढा असतानाच तो पोरका झाला. तरी त्याची शाळा सुटली नाही. शाळेत त्याला गणिताची फार गोडी लागली. त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचे होते, पण मोठ्या घराण्यातला नाही म्हणून घेतले नाही. मग तो शिक्षक झाला.

१७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत फूरिये तुरुंगात पडले, पण सुटले. १७९८ साली ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. १८०२ पासून ते ग्रनोबल येथे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांसारखे काम करू लागले. त्यांनी दलदलीची जमीन कोरडी करवली. एवढे काम असूनही ते उष्णतेचा अभ्यास करत.

हे गणित लई अवघड. तापलेल्या वस्तूत जागोजागी उष्णता वेगळी. लांबी, रुंदी, उंची आणि वरून वेळ, किती मोजणार? म्हणून फूरिये आधी वस्तू कोणत्या बाजूंनी सारखी आहे ते पाहत. लोखंडी गोळा सगळीकडून सारखा तापला, तर मध्यापासून सारख्या अंतरावर उष्णताही सारखीच. मग फक्त मध्यापासूनचे अंतर मोजले की झाले. लांब गोल दांड्यात मधल्या रेषेपासूनचे अंतर मोजायचे.

पण नुसता आकार गोल असून भागत नाही. माठ गोल असतो, पण ऊन एकाच बाजूने आले तर एक बाजू गरम आणि दुसरी थंड. लोहार बंडीच्या चाकाची धाव तापवतो तेव्हा चहूकडून जाळ लावतो, म्हणून ती सगळीकडे सारखी तापते. जाळ एकाच जागी लावला, तर गोल फिरून जागोजागी मोजावेच लागेल.

फूरिये यांनी असेच केले. त्यांनी एक लोखंडी कडे घेतले, त्याला भोके पाडून तापमापक बसवले आणि कडे एका बाजूने तापवून विस्तवावरून काढले. कडे बारीक होते, म्हणून त्याची जाडी सोडून दिली आणि फक्त गोल फिरून मोजले. थोड्या वेळाने गंमत दिसली. समजा, एका जागी ८० अंश आणि बरोबर समोर ४०, तर सरासरी ६०. त्याच वेळी दुसऱ्या जोडीत ७० आणि ५०, सरासरी परत ६० च! गणिताने जे सांगितले तेच कड्याने दाखवले.

१८०७ साली त्यांनी हा अभ्यास पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञांना त्यातली रीत पटली नाही. १८१२ साली बक्षीस मिळाले, तरी उणीव काढून लेख छापला नाही. फूरिये यांनी काम सोडले नाही. शेवटी १८२२ साली त्यांचे पुस्तक निघाले. म्हणजे १५ वर्षे गेली! १६ मे १८३० रोजी पॅरिसला ते वारले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे. त्यांचे गणित आजही इंजिनिअर लोक वापरतात.

मित्रांनो, यावरून मला दोन गोष्टी समजल्या. अवघड गणित दिसले की आधी त्यात सारखे काय आहे ते शोधावे, पण ते खरेच सारखे आहे का हे तपासून पाहावे. आणि आपले बरोबर असेल तर धीर सोडू नये.