मुंबईत प्लेग आलाय, हे महापालिकेच्या बैठकीत उभं राहून सांगणारा गोव्याचा डॉक्टर

दक्षिण मुंबईत मेट्रो सिनेमाच्या चौकात कायम गर्दी असते. टॅक्सीवाले, कोर्टात निघालेले वकील, क्रॉफर्ड मार्केटकडे खरेदीला चाललेली मंडळी. या गर्दीत एक पुतळा उभा आहे आणि त्याच्याकडे मान वर करून बघणारे फार थोडे असतील. तिथून काळबादेवीच्या दिशेने आत गेलं की कावेल लागतं आणि तिथल्या एका रस्त्याला त्याच माणसाचं नाव आहे, डॉ. व्हिएगस स्ट्रीट.

हे डॉ. व्हिएगस म्हणजे नेमके कोण?

थोडक्यात सांगायचं तर १८९६ साली मुंबईत प्लेग शिरलाय हे ओळखून महापालिकेच्या बैठकीत ते जाहीर करणारा हा माणूस. आज ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण त्या काळात असं बोलणं म्हणजे अख्ख्या शहराचा रोष ओढवून घेणं होतं. तीच गोष्ट आज सांगतोय.

हडफडे ते मुंबई

आकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ चा. गाव हडफडे, तालुका बारदेस, गोवा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. शिक्षण म्हणा किंवा नोकरी, गोव्यातल्या तरुणांची वाट मुंबईलाच यायची. जहाजांवरचे खलाशी, आचारी, बँडमध्ये वाजवणारे वादक असे हजारो गोवेकर मुंबईत होते. धोबी तलाव आणि कावेलच्या परिसरात त्यांची वस्ती होती, गावागावाचे कूड होते.

व्हिएगस शिकायला म्हणून आले. सेंट मेरीज इन्स्टिट्यूशनमध्ये शालेय शिक्षण झालं. मग ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८८० मध्ये एल.एम. अँड एस. ही डॉक्टरकीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास केली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला. पेशंट होते मांडवी आणि आसपासच्या वस्तीतले.

डॉक्टरकी करता करता ते मुंबई महापालिकेचे सदस्य झाले. तिथून स्थायी समितीत गेले. त्यांच्या गोष्टीत हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे तेव्हाची महापालिका कशी चालायची ते आधी समजून घेऊ.

तेव्हाची महापालिका

१८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ७२ सदस्य असायचे. त्यातले निम्मे म्हणजे ३६ करदात्यांनी निवडून दिलेले. मत द्यायचा अधिकार ठरावीक कर भरणाऱ्यालाच होता, त्यामुळे चाळीत भाड्याने राहणाऱ्या गिरणी कामगाराला मत नव्हतं. उरलेल्यांपैकी १६ सरकारने नेमलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडलेले, दोन विद्यापीठाचे आणि दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे.

या सगळ्यांतून १२ जणांची स्थायी समिती व्हायची. प्रत्यक्ष कारभार मात्र आयुक्तांच्या हातात. आयुक्त सरकारने नेमलेला इंग्रज अधिकारी. त्याच्या हाताखाली आरोग्य अधिकारी. गटारं साफ करणं, पाणी पुरवणं, मृत्यूची नोंद ठेवणं ही कामं आयुक्तांच्या खात्यांची. त्यावर नजर ठेवणं, पैसे मंजूर करणं आणि प्रश्न विचारणं हे काम स्थायी समितीचं.

म्हणजे कारभार एकाकडे आणि जाब विचारण्याचा हक्क दुसऱ्याकडे. १८९६ मध्ये हाच हक्क कामी आला.

मांडवीत काय चाललं होतं?

मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला भाग. धान्याची कोठारं, साखरेची पोती, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसं. हवा नाही, उजेड नाही, खालून तुंबलेली गटारं. धान्य म्हटलं की उंदीर आलेच. त्या पावसाळ्यात कोठारांमध्ये उंदीर मरून पडायला लागले. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं आणि तिथून मुंबईला जहाजं येत-जात होती.

सप्टेंबरमध्ये व्हिएगस यांना मांडवीत एक पेशंट दाखवण्यात आला. सणसणीत ताप, ग्लानी आणि जांघेत आलेली गाठ. तो पेशंट दगावला. मग त्याच भागातून तशाच आणखी केसेस कानावर आल्या.

तापाने माणसं मरणं मुंबईला नवीन नव्हतं. मृत्यूच्या नोंदीत ताप एवढंच कारण लिहून विषय संपायचा. शिवाय प्लेग हा पुस्तकात वाचलेला रोग. मुंबईत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांपैकी बहुतेकांनी तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. व्हिएगस यांनीही पाहिलेला नव्हता. पण ताप, गाठ आणि झपाट्याने येणारा मृत्यू एकत्र बघून हा गाठीचा प्लेगच आहे, असं त्यांचं निदान झालं.

आता पुढे काय करायचं? दवाखान्यात बसून औषधं देत राहिले असते तर त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. पण ते स्थायी समितीचे सदस्य होते. २३ सप्टेंबर १८९६ च्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, की मांडवीत प्लेग पसरतोय.

एका वाक्याची किंमत

मुंबई तेव्हा कापसाच्या व्यापारावर उभी होती. प्लेग हा शब्द अधिकृतपणे उच्चारला की जगभरातली बंदरं मुंबईच्या जहाजांना दारं बंद करणार, माल अडकणार, गिरण्या थंडावणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे सुरुवातीला नेमका तोच शब्द टाळण्याकडे कल होता. महापालिकेच्या आरोग्य खात्यानेही आधी हा वेगळ्या प्रकारचा ताप आहे, अशीच सावध भाषा वापरली.

पण बैठकीत बोललेली गोष्ट लपवता येत नाही. वर्तमानपत्रांत बातमी आली. सरकारने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि व्हिएगस यांचं निदान बरोबर निघालं. कलकत्त्याहून डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना बोलावण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत पोहोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर लस बनवायच्या मागे लागले. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

लोक मात्र लसीला घाबरत होते. अशा वेळी ओळखीचा डॉक्टर कामाला येतो. व्हिएगस यांनी स्वतः वस्त्यांमध्ये जाऊन लस टोचली. त्यांनी टोचलेल्यांचा आकडा सुमारे १८ हजार सांगितला जातो.

आणि मग सगळं बिघडलं

रोग ओळखला गेला, पण उपायांनी घोळ घातला.

तेव्हा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिद्ध झालं नव्हतं. तो शोध पॉल-लुई सिमों यांनी कराचीत लावला, तो १८९८ मध्ये. १८९६ मध्ये लोकांना वाटायचं की घाण आणि दूषित हवा हेच मूळ. म्हणून आयुक्त स्नो यांनी गटारांमध्ये रोज लाखो गॅलन समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडायला सुरुवात केली. घरं धुतली, जाळली, छपरं उघडली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यूएचएच अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. गंमत म्हणजे, या धुण्या-उपसण्यामुळे उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात पळत असणार आणि पिसवाही त्यांच्यासोबत.

६ ऑक्टोबरला आयुक्तांनी आदेश काढला की प्लेगच्या पेशंटला जबरदस्तीने हॉस्पिटलात नेता येईल. इथे ठिणगी पडली. घरातून नेलेला माणूस परत येत नाही, हे लोक बघत होते. जात, सोवळं-ओवळं, बायकांचा पडदा, अंत्यसंस्कार कोण करणार, हे प्रश्न होतेच. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. लगेच आयुक्तांना तो आदेश सैल करावा लागला. हेच हॉस्पिटल आज कस्तुरबा हॉस्पिटल म्हणून ओळखलं जातं.

दरम्यान लोकांनी आपला मार्ग शोधला. बोचकी बांधली आणि गाव गाठलं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. त्यांच्यासोबत रोगही बाहेर पडला.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा आणला. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटाकर यांच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमली आणि प्लेगचं काम महापालिकेच्या हातून काढून घेतलं. ज्या सभागृहात पहिल्यांदा धोक्याची घंटा वाजली, तेच सभागृह बाजूला पडलं. जे प्रश्न आधी बैठकीत विचारले जात होते, ते आता रस्त्यावर विचारले जाऊ लागले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात घरातून पेशंट नेण्यावरून दंगल पेटली, गोळीबार झाला. पुण्यात तर काय झालं हे आपण शाळेतच शिकलोय. सैनिकांकडून घरांच्या झडत्या, त्यातून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी. त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या होत्या.

हळूहळू सरकारलाही कळलं की जबरदस्तीने साथ आवरत नाही. सक्ती कमी झाली, लोकांच्या मदतीने काम करायचं धोरण आलं आणि पुढे प्लेगची जबाबदारी पुन्हा महापालिकेकडे आली. पण पुढच्या काही दशकांत प्लेगने भारतात एक कोटीहून जास्त बळी घेतले.

अध्यक्षपदापर्यंत

प्लेगने एक गोष्ट उघडी पाडली होती. मुंबईतल्या चाळी आणि गल्ल्या माणसांनी राहण्यासारख्या नव्हत्या. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले गेले, दादर-माटुंग्याची आखणी झाली. अर्थात, पाडलेल्या चाळीतल्या गरिबांना तितकीच घरं मिळाली असं नाही. बरेच जण शेजारच्या चाळीत जाऊन तिथली गर्दी वाढवत राहिले.

व्हिएगस यांनी डॉक्टरकी आणि महापालिका दोन्ही चालू ठेवलं. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. या पदाला महापौर म्हणायला १९३१ नंतर सुरुवात झाली, म्हणजे आजच्या भाषेत ते मुंबईचे महापौर झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय ख्रिश्चन. मुंबई विद्यापीठाच्या कारभारातही त्यांनी काम केलं. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज हे का आठवायचं?

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७ चाच. पहिले पेशंट ज्या कस्तुरबा हॉस्पिटलात नेले, ते एकेकाळचं आर्थर रोड हॉस्पिटल. मुंबई महापालिका आजही १८८८ च्याच कायद्यावर चालते.

याच महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाकडे होता. दवाखाने चालत होते, कचरा उचलला जात होता, बजेटही मांडलं जात होतं. पण स्थायी समिती नव्हती आणि आपल्या वॉर्डात काय चाललंय हे सभागृहात उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं.

व्हिएगस यांच्याकडे लस नव्हती, अधिकार नव्हते, सैन्य तर नव्हतंच. रोग कसा पसरतो हेही तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. रोज ज्यांना तपासायचे ते मांडवीतले पेशंट आणि महापालिकेतली एक खुर्ची. पहिल्या गोष्टीमुळे त्यांना खरं काय ते कळलं आणि दुसऱ्या गोष्टीमुळे ते सगळ्या शहराला ऐकावं लागलं.

पुढच्या वेळी मेट्रोच्या चौकात सिग्नलला थांबलात, तर त्या पुतळ्याकडे जरूर बघा.