शाहीर प्रभाकर

जुईनगराहून थोडें दक्षिणेस बेलापुरास गेलें असतां, नव्या उंच इमारतींच्या सान्निध्यांत एका जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष दृष्टीस पडतात. पोर्तुगीज, मराठे व इंग्रज असे एकामागून एक धनी त्यानें पाहिले. १८१७ सालीं तो मराठ्यांकडून इंग्रजांच्या हातीं गेला, आणि वर्षभरांत पेशवाईच लयास गेली. ते अवशेष पाहिले म्हणजे, ज्या कवीनें त्या राज्याचें वैभव व त्याचा अंत हीं दोन्ही गायिलीं, त्या शाहीर प्रभाकराचें आम्हांस स्मरण होतें.

प्रभाकर जनार्दन दातार हा मूळचा रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुडचा. पुण्यांत लावण्या व पोवाडे रचून त्यानें कीर्ति मिळविली. सवाई माधवराव पेशव्यांच्या रंगोत्सवाचें त्यानें मोठ्या थाटाचें वर्णन केलें. १७९५ सालचा खर्ड्याचा विजयही गायिला. पण त्याच वर्षीं तो एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यांत उंचावरून पडून मरण पावला. केवढा हा दैवाचा फेरा!

पुढें दुसऱ्या बाजीरावाचा अंमल आला. १८१७ च्या नोव्हेंबरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. १८१८ च्या जूनमध्यें बाजीराव शरण गेला आणि सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक पत्करून कानपुराजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. आश्रयदाते गेले, तरी प्रभाकराची वाणी मुकी झाली नाहीं. ज्या घराण्याचे त्यानें गोडवे गायिले, त्याच्याच पतनाचा पोवाडा त्यानें रचिला. केवळ दैवास बोल लावून तो थांबला नाहीं. वडिलांच्या वेळचे इमानी चाकर उपाशी राहिले व नालायकांची चंगळ झाली, हेंही त्यानें स्पष्ट सांगितलें.

१८२८ सालीं शनिवारवाडा आगींत भस्म झाला. १८४३ सालीं प्रभाकरही निवर्तला. आज त्या वाड्याचे तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं आहेत. पोवाडा मात्र अभंग आहे.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, भरभराटीच्या काळीं धन्याची स्तुति कोणीही करील. प्रभाकरानें तेवढेंच केलें असतें, तर आम्हीं त्यास भाट म्हणून विसरलों असतों. ज्यांचें अन्न खाल्लें त्यांच्यासाठीं त्यानें अश्रू ढाळिले, परंतु त्या अश्रूंनीं त्यांचे दोष धुऊन टाकिले नाहींत. सत्ता जाते, संपत्ति जाते. खरें बोललेला शब्द तेवढा मागें राहतो, असें आम्हांस वाटतें.