अंगणात भरलेली शाळा

मैत्रिणींनो, अंगणवाडी हा शब्द आपल्या रोजच्या तोंडातला. पण तो ज्यांच्या कामातून रुजला, त्या ताराबाई मोडक किती जणींना ठाऊक आहेत?

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईचा. माहेरच्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, म्हणून शिकता आलं. 1914 साली त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर काही वर्षं आपल्या विदर्भात, अमरावतीला राहिल्या. संसार टिकला नाही. त्या काळात नवऱ्यापासून वेगळं होऊन लहान मुलीला घेऊन नोकरी करायची, म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते बायकांना सांगायला नको.

पुढे 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करू लागल्या. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गाणी, गोष्टी, चित्रं, मातीकाम. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार. पण माँटेसरीबाईंची ती साधनं महागडी. गरिबाच्या पोरांनी काय करायचं?

या प्रश्नापायी पन्नाशी उलटलेल्या ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. विकतच्या साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पानं आली. मोजणं त्यातच, नक्षीही त्यातच. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, मग गाणी-गोष्टी. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरली. मूल शाळेत का येत नाही, याचा दोष त्यांनी मुलाला कधी दिला नाही. मला तरी हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला त्या गेल्या. दोन वर्षांनी, 1975 मध्ये, सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली अन् अंगणवाडी देशभर पोचली.

आमच्या मोहाडीकडे रोवणीच्या दिवसांत आया सकाळीच बांधीवर जातात, लेकरं अंगणवाडीत. बांधीतली चिकणमाती फुकट, चिंचोके फुकट, धानाच्या लोंब्या फुकट. तान्हा पोळा आला की पोरं आपोआप मातीचे बैल करायला बसतात. कपडे मळतील म्हणून आपणच ओरडतो.