रक्तपेढीचा शिल्पकार

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन या शहरी ३ जून १९०४ रोजी चार्ल्स ड्रू याचा जन्म झाला. वडील घरोघरी गालिचे बसवून देण्याचे काम करीत. कुटुंब कृष्णवर्णीय होते. आणि त्या काळी तेथे कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, पुष्कळ ठिकाणी रुग्णालयेही वेगळी असत. चार्ल्सला पुस्तकांपेक्षा मैदानाची ओढ अधिक. धावण्यात आणि फुटबॉलमध्ये त्याचा हात धरणारे थोडेच होते. परंतु १९२० मध्ये त्याची धाकटी बहीण एल्सी आजारपणात दगावली आणि वैद्यकाचा विचार त्याच्या मनात घर करून राहिला.

तो मार्ग सोपा नव्हता. पदवी मिळाली तरी पुढील शिक्षणाला पैसा नव्हता. त्याने दोन वर्षे एका महाविद्यालयात खेळाचा शिक्षक म्हणून नोकरी केली, पैसे साठविले आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ गाठले. १९३३ मध्ये तो डॉक्टर झाला. तेथेच एका अध्यापकांच्या सहवासात रक्तपराधानाच्या प्रश्नाने त्याला वेड लावले.

प्रश्न असा होता. जखमी मनुष्याला रक्त द्यावयाचे, तर दाता त्या क्षणी जवळ हवा. रक्त साठवून ठेवावे, तर ते टिकत नसे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. ड्रू यांनी साठविलेल्या रक्ताचे बारकाईने परीक्षण केले. गोठू नये म्हणून औषध घातलेले, थंड जागी ठेवलेले रक्त वरून जसेच्या तसे दिसे. पण बाटलीतही त्यातील पेशी जिवंत असतात, आणि जिवंत म्हणूनच म्हाताऱ्या होतात. तांबड्या पेशींतील पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते, मग पेशीच फुटू लागतात. रक्तस्राव थांबविणाऱ्या रक्तपट्टिका तर याहून नाजूक. आज त्या वेगळ्या काढून २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात मंद हेलकावे देत ठेवतात, तरी साधारणपणे पाच ते सात दिवसांपलीकडे वापरीत नाहीत. पेशी प्राणवायू वापरते. त्या व्यापारात निर्माण होणारी काही तीव्र द्रव्ये तिलाच झिजवितात, हे त्याचे एक कारण होय.

पेशी टिकत नसतील, तर त्या बाजूला काढाव्या आणि उरलेला पिवळसर रक्तद्रव ठेवावा! तो पुष्कळ अधिक काळ टिकतो, आणि रक्त गेल्याने खचलेल्या जखमीला सावरण्यास उपयोगी पडतो. १९४० मध्ये डॉ. ड्रू यांनी या विषयावर प्रबंध लिहिला. त्याच वर्षी इंग्लंडवर बाँबवर्षाव सुरू झाला आणि रक्तद्रव पाठविण्याच्या कामाची वैद्यकीय देखरेख त्यांच्याकडे आली. समुद्रापार जाणाऱ्या द्रवात एक जंतू शिरला तरी औषधाचे विष व्हावयाचे. म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीला कडक नियम घातले. पाच महिन्यांत सुमारे १४,५०० दात्यांचे रक्त घेण्यात आले आणि ५,००० लिटरांहून अधिक रक्तद्रव इंग्लंडला रवाना झाला.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेच्या सैन्यासाठी रक्त जमविणे सुरू झाले, तेव्हा कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारण्यात आले. नंतर घेतले, पण निराळ्या बाटल्यांत ठेवले. ज्याने ही व्यवस्था उभी केली, त्याच्याच रक्ताला तिच्यात मानाची जागा नव्हती. रक्तगट निराळे असतात, वर्णानुसार रक्त निराळे नसते, हे डॉ. ड्रू यांनी उघडपणे सांगितले. या सुमारास ते हॉवर्ड विद्यापीठात परतले होते. तेथे त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांतून शस्त्रवैद्यांची एक पिढी घडविली. देशातील प्रमुख वैद्यकीय संघटनेने मात्र त्यांना अखेरपर्यंत सभासद करून घेतले नाही.

१ एप्रिल १९५० रोजी ते सहकाऱ्यांसह मोटारीने एका वैद्यकीय शिबिरास निघाले होते. रात्रभराच्या जागरणाने सकाळी त्यांचा डोळा लागला आणि उत्तर कॅरोलिनात मोटार उलटली. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना उपचार नाकारले, अशी वदंता पुढे पसरली. ती खरी नव्हे. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, परंतु जखमा फार गंभीर होत्या. वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकन रेडक्रॉसने रक्ताच्या बाटलीवर दात्याचा वर्ण लिहिणे बंद केले, ते त्याच वर्षी.