शंभरातले वीस कुठे गेले?

थर्ड इयरच्या सुट्टीत मी एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. पत्र्याची शेड आणि मे महिना. सोमवारी बरीच लेथ मशिन्स बंद, कारण ऑपरेटरच आलेले नसायचे. शेवटी सुपरवायझर साहेबांनी गेटवर दंडाचा तक्ता लावला. पुढच्या सोमवारी माणसं आली, पण रिजेक्शनचा ढीग वाढला! 'इंडस्ट्रियल मॅनेजमेंट'च्या पेपरात मोटिव्हेशनची व्याख्या लिहून मी चांगले मार्क मिळवले होते, पण त्या ढिगाचं कारण काही मला सांगता येईना. ते पुढे लायब्ररीत सापडलं, जमशेटजी टाटांच्या चरित्रात.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं, पण वडील नसरवानजी व्यापारात शिरलेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकल्यावर जमशेटजी धंद्यासाठी हाँगकाँगला आणि नंतर इंग्लंडला गेले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक दिवाळं निघालेली तेलगिरणी घेतली, तिची सूतगिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती फायद्यात विकली. मग लँकेशायरला जाऊन हा धंदा नीट बघून आले. सगळे जण मुंबईत गिरण्या काढत होते, तेव्हा हे गेले नागपूरला, जिथे कापूस पिकतो तिथे! १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

भांडवल होतं, मशिनरी होती, पण माणसं? भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची सवय त्या भागात कुणाला होती? रोज शंभरातले वीसेक कामगार गैरहजर. त्यात पहिल्याच वर्षी मजुरीच्या दरावरून संप झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत त्याची नोंद आहे. म्हणजे सगळं काही गोडीगुलाबीनं सुरू झालं नव्हतं.

दंड वाढवणं सोपं होतं. जमशेटजी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता यांनी वेगळा रस्ता धरला. कोरड्या हवेत सूत फार तुटतं. धागा तुटला की कामगाराची धावपळ, आणि प्रॉडक्शन बसलंच. मिलमध्ये ह्युमिडिफायर बसवले गेले. कापसाला आग लागायची भीती कायमची, म्हणून स्प्रिंकलर आले. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावून खेळांचे सामने होऊ लागले, बक्षिसं दिली जाऊ लागली. १८८६ मध्ये निवृत्तीनंतरच्या आधारासाठी फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. आता हिशेब करा. अपघात भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये. म्हणजे २८ वर्षं आणि ६६ वर्षं आधी!

हा नुसता दानधर्म होता का? मला नाही वाटत. खुद्द लँकेशायरवाले बिचकत होते तेव्हा रिंग स्पिंडल वापरून बघणारा हा माणूस हिशेबात पक्का होता. हात बसलेला कामगार सोडून गेला की त्याचं कसबही जातं, आणि नवख्याच्या हातून धागा जास्त तुटतो. म्हातारपणाची सोय दिसली, तर माणूस दहा वर्षं टिकतो. एम्प्रेस मिल भरभराटीला आली आणि जमशेटजींच्या पुढच्या मोठ्या स्वप्नांना तिनंच पाया दिला.

पोलाद कारखाना उभा राहण्याआधीच, १९०२ मध्ये, त्यांनी मुलाला, दोराबजींना पत्रानं कळवलं होतं की कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडं आणि खेळाची मैदानं हवीत. १९ मे १९०४ ला जर्मनीत ते वारले. जमशेदपूर त्यांनी पाहिलं नाही.

एम्प्रेस मिलही २००२ मध्ये बंद पडली. चांगली वागणूक दिली की धंदा अमर होतो, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण मित्रांनो, उद्या आपल्या हाताखाली चार माणसं असतील आणि एखाद्या सोमवारी त्यातलं एक येणार नाही. तेव्हा दंडाचा तक्ता काढण्याआधी शेडमध्ये एकदा उभं राहून बघू या, आपल्याला तिथे आठ तास काढवतील का?

मी ट्रेनिंगला होतो तिथे, खरं सांगतो, मला दोनसुद्धा काढवत नव्हते.