डब्यावरचा सँडो

बिनबाह्यांच्या बनियनला मराठी घरांत आजही 'सँडो' म्हणतात. हे एका माणसाचे नाव होते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. युजीन सँडो हा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध बलवान पुरुष. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक म्हणून त्याचा उल्लेख होतो. 'मिस्टर ऑलिम्पिया' या स्पर्धेतील विजेत्याला १९७७ पासून जी पुतळी दिली जाते, तीही त्याचीच. त्याच्या चरित्राची एक बाजू मात्र व्यायामशाळेत सहसा सांगितली जात नाही. स्नायूंसाठी डब्यातील भुकटी विकताना प्रसिद्ध मल्लाचे शरीर जाहिरातीत उभे करण्याची जी रीत आज सर्वत्र दिसते, तिच्या आरंभीच्या काळातच त्याने आपले शरीर त्या कामी दिले होते.

त्याचे मूळ नाव फ्रीडरिख विल्हेल्म म्युलर. जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे. हे शहर आता कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. लहानपणी वडिलांबरोबर इटलीत गेलो असता प्राचीन पुतळे पाहून शरीर कमावण्याचा ध्यास लागला, अशी हकीकत तो पुढे सांगत असे. ती कितपत खरी मानावी हा प्रश्नच आहे, कारण स्वतःची दंतकथा रचण्यात तो पहिल्यापासून वाकबगार होता. सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी त्याने विशीच्या आतच देश सोडला आणि सर्कशीत कसरती करत युरोपभर भटकंती केली. ब्रसेल्समध्ये त्याला लुई दुर्लाखर हा गुरू भेटला. 'प्रोफेसर अटिला' या नावाने वावरणाऱ्या या जाणकाराने त्याला वजने उचलण्याचे शास्त्र शिकवले आणि रंगमंचावर उभे कसे राहायचे तेही शिकवले. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅक्वेरियममध्ये चार्ल्स सॅम्पसन या नामांकित बलवानाचे जाहीर आव्हान स्वीकारून सँडोने त्याला हरवले आणि एका रात्रीत लंडन त्याच्या नावाने दुमदुमले.

पुढची वर्षे वैभवाची होती. १८९३ मध्ये शिकागोत फ्लोरेन्झ झीगफेल्ड या तरुण व्यवस्थापकाने ओळखले की, सँडो किती वजन उचलतो यापेक्षा तो दिसतो कसा, हे पाहायला लोक पैसे मोजतील. १८९४ मध्ये एडिसनच्या चित्रपटशाळेत त्याच्या स्नायूंचे चित्रण झाले. १८९७ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्याने व्यायामसंस्था उघडली, पाठोपाठ मासिक काढले. १४ सप्टेंबर १९०१ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. शिल्पकार चार्ल्स लॉज आणि 'शेरलॉक होम्स'चे जनक आर्थर कॉनन डॉइल हे त्याच्यासोबत परीक्षक होते. गुण केवळ स्नायूंच्या आकाराला नव्हते. प्रमाणबद्धता, त्वचा आणि एकंदर आरोग्यही पाहिले गेले.

हे शरीर कशावर पोसले होते? सँडोच्या पुस्तकातील आहाराचा भाग त्याच्या चाहत्यांना निराश करणारा होता. त्यात कोणतेही गुपित नव्हते. साधे, सकस, रुचेल ते खावे, वेळेवर खावे, नीट चावून खावे आणि अति करू नये, एवढेच तो सांगे. विशेष आहाराच्या कल्पनेवर त्याचा विश्वास नव्हता. त्याची मदार होती हलक्या डंबेल्सच्या रोजच्या, मन लावून केलेल्या व्यायामावर.

आजच्या हिशेबाने पाहिले तर त्याला खरोखरच वेगळे काही नको होते. ऐन उमेदीत त्याचे वजन सुमारे ८५ किलो होते. स्नायू वाढवू पाहणाऱ्या व्यायामपटूला दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात आणि त्यापुढे सहसा वाढीव लाभ दिसत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आले. म्हणजे सँडोसारख्या देहाला सुमारे १३६ ग्रॅम. तीनशे ग्रॅम शिजवलेले मांस, तीन अंडी, अर्धा लिटर दूध आणि अर्धा किलो पाव एवढ्यात ही गरज भागून वर काही उरते. त्या काळातल्या मांसाहारी मल्लाच्या ताटात एवढे असणे मुळीच अवघड नव्हते. शाकाहारी माणसाला मात्र हा आकडा गाठायला अधिक नियोजन लागते, हे मान्य केले पाहिजे. वाटीभर शिजलेल्या वरणातून सात-आठ ग्रॅमच मिळतात.

मग सँडो भुकटीकडे वळला कसा? त्यासाठी त्या काळाची समजूत ध्यानात घ्यावी लागते. म्युनिकचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल फोइट यांनी कष्टकरी माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत असे प्रमाण घालून दिले होते आणि जितकी प्रथिने जास्त तितके बळ जास्त, असा अर्थ लोकांनी काढला. दुसरीकडे यांत्रिक रवीने साय वेगळी काढू लागल्यापासून दुग्धालयांत सायविरहित दुधाचे पाट वाहत होते आणि त्यातले बरेचसे डुकरांना घातले जाई. या दुधातील केसिन वेगळे करून, त्यात खाण्याचा सोडा मिसळून आणि वाळवून एक पांढरी भुकटी जर्मनीत तयार झाली. तिचे नाव 'प्लाझमॉन'. विसाव्या शतकाच्या आरंभी ती इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली. मार्क ट्वेनने या धंद्यात पैसे गुंतवले आणि अमेरिकेत ते बुडवूनही घेतले. शॅकल्टनच्या १९०७ ते १९०९ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत प्लाझमॉनची बिस्किटे होती. आणि जाहिरातीत होता सँडो. याच अन्नाची आपण वाट पाहत होतो, अशा आशयाची शिफारस करणारा.

सँडोचे स्नायू तर प्लाझमॉन बाजारात येण्यापूर्वीच जगाने पाहिले होते. १८९४ च्या चित्रफितीतील दंड भुकटीने घडवले नव्हते. मात्र म्हणून प्लाझमॉनला लबाडी ठरवणेही अन्यायाचे होईल. ती दुधातली खरी प्रथिने होती आणि प्रवासात, आजारपणात किंवा बर्फात जेवण मिळत नसताना तिचा उपयोग होता. खोटे होते ते तिच्यामुळे असे शरीर घडते, हे चित्र. आजच्या 'व्हे' भुकटीचे गोत्रही तेच. ती चीज करताना उरणाऱ्या पाण्यापासून होते. फरक इतकाच की ती लवकर पचते, तर केसिन पोटात गोठून सावकाश पचते. प्रथिनांचे एकूण प्रमाण पुरेसे असेल तर ती भुकटीतून आली की ताटातून, याने मोठा फरक पडत नाही; परंतु ताटासोबत बरेच काही येते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या २०१७ च्या एका छोट्या प्रयोगात वजने उचलल्यानंतर तेवढीच प्रथिने नुसत्या पांढऱ्या बलकाऐवजी अख्ख्या अंड्यांतून दिली, तेव्हा स्नायूंमध्ये प्रथिननिर्मिती अधिक झाली. भारतात राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूत्रांत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला, तो याच अंगाने.

सँडो एका जाहिरातीवर थांबला नाही. १९०४-०५ च्या जगप्रवासात तो हिंदुस्थानातही आला होता. त्याची पुस्तके आणि उपकरणे येथे त्याआधीच पोहोचली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. ज्यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, त्यांची उमेदवारी सँडोच्या हाताखाली झाली होती, ही गंमत नोंदवण्यासारखी. पंतप्रतिनिधींच्या नव्या व्यायामाला मात्र विकत घ्यावे असे काहीच लागत नव्हते.

१९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी सँडोला आपला शास्त्रीय व्यायामाचा प्राध्यापक नेमले. याच सुमारास त्याने आपल्या नावाचा कोको बाजारात आणला. आरोग्य आणि शक्ती देणारे पेय अशी त्याची ख्याती करण्यात आली. चमचाभर कोकोत प्रथिने जेमतेम ग्रॅमभर. पेल्यात जी काही पुष्टी होती ती बहुतेक दुधाची. त्यात कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री ही जुनी घराणी बाजार धरून बसलेली. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन जन्माच्या माणसाकडे इंग्लंड संशयाने पाहू लागले. १९०६ मध्येच त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९१६ मध्ये कोको कंपनी बुडाली आणि तिच्यासोबत त्याने आयुष्यभर जमवलेल्या संपत्तीचा मोठा भाग गेला. शरीराने मिळवलेले डब्याने घालवले, असे म्हणण्याचा मोह होतो. महायुद्धाचा वाटाही त्यात तेवढाच होता.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये तो वारला, तेव्हा वय ५८ होते. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने उचलताना मेंदूतील रक्तवाहिनी फुटली, अशी कथा वर्तमानपत्रांतून पसरली. प्रत्यक्षात मृत्यूचे कारण महारोहिणीचा फुगवटा हे होते. पत्नी ब्लँच हिने पुटनी व्हेल दफनभूमीत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही बसू दिला नाही. एकविसावे शतक उजाडेपर्यंत ती जागा तशीच होती. प्लाझमॉनचे नाव मात्र इटलीत टिकले. तेथे ते लहान मुलांच्या बिस्किटांवर असते.