भास्कराचार्य आणि मानलेले उत्तर

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 मधला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्यातील अंकगणिताचा भाग. लीलावती त्यांची कन्या होती की नव्हती, हा वाद येथे नको.

शाब्दिक उदाहरण समोर येताच आपली मुले थबकतात, ती बहुधा चुकण्याच्या भीतीने. आचार्यांच्या इष्टकर्मात आरंभच मानलेल्या उत्तराने होतो. समजा, शेतकऱ्याने एकूण कापसाचा निम्मा भाग दिवाळीपूर्वी आणि एकूण कापसाचाच तिसरा हिस्सा नंतर विकला. विक्री 25 क्विंटल झाली. मूळ कापूस किती? 6 मानावा. निम्मे 3, तिसरा हिस्सा 2, मिळून 5. हवेत 25, म्हणजे पाचपट. म्हणून 6 ची पाचपट, 30 क्विंटल. मानलेले उत्तर चुकले खरे, पण वाट त्यानेच दाखविली. मात्र मध्येच एखादी ठराविक संख्या मिळविलेली किंवा वजा केलेली नसावी लागते. नाहीतर व्यस्तविधी आहेच: शेवटाकडून मागे यावयाचे, गुणिले तेथे भागावयाचे, मिळविले तेथे वजा करावयाचे.

त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या काळी संस्कृत विद्येचे दार शूद्रातिशूद्रांच्या लेकरांना बंद होते, हेही सांगितलेच पाहिजे. आज मुखेडच्या वसतिगृहात, रात्रीच्या अभ्यासाला, त्यांचीच नातवंडे फळ्यावर 6 मानून आरंभ करतात.